खुर्चीच्या पायांची मुलाखत

माझी मुलाखत घ्यावी असं माझ्या हातून काहीही घडलेलं नाही, हे माझं मत मुलाखतीच्या आधीही होतं आणि आता तर ते चांगलंच पक्कं झालं आहे. पण आमच्या भागात एक मासिक निघतं आणि त्यात शेवटून दुसऱ्या पानावर 'तरुण उद्योजक' नावाचं सदर असतं. आधीच्या अंकात ज्या तरुण उद्योजकाने आपल्या यशाचं रहस्य सांगितलं होतं, तो अंक छापून येईपर्यंत गाव सोडून गेला होता. त्यामुळे संपादकांना या खेपेला जागेवर सापडणारा उद्योजक हवा होता. मी जागेवर सापडतो. वर्कशॉपमधून हलायला मला वेळच नसतो.

माझा उद्योग म्हणजे खुर्चीच्या पायांना खालून बसवायची रबरी बुचं. हसू नका. हसायचंच असेल तर रांगेत उभे राहा, पुढे माझे सासरे आहेत. खुर्ची सरकवली की फरशीवर जो आवाज होतो, तो वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला ऐकू येत नाही, खालच्याला येतो. आई, बायको आणि मी वर राहतो. खाली एक काका राहतात. ते गुरांच्या दवाखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झाले आहेत आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात 'माझं ऐक' अशी करतात. पूर्वी आमच्याकडे कोणी जेवायला बसलं किंवा जेवून उठलं, की काका खालून काठीने छत ठोकत. एका सुट्टीच्या दिवशी मी वैतागून सायकलच्या जुन्या टायरची बुचं कापली आणि घरातल्या सगळ्या खुर्च्यांना बसवली. काठी थांबली.

पुढे महिन्याभराने काकांनी मला जिन्यात गाठलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "माझं ऐक," ते म्हणाले, "वरून आता टाचणी पडल्याचासुद्धा आवाज येत नाही. मी दुपारीसुद्धा झोपतो. तुझ्या हातात कला आहे आणि तू नोकरीत सडतोयस!"

लोक धंद्यात पडण्यापूर्वी बाजाराची पाहणी करतात. माझा बाजार एक मजला खाली राहत होता आणि त्याने स्वतःहून जिन्यात येऊन कौल दिला होता. दुसऱ्याच दिवशी मी राजीनामा दिला.

त्यानंतर मी भाड्याचा गाळा घेतला, साचा घेतला, मशीन घेतलं आणि घर सोडून बाकी सगळीकडे राहू लागलो. पहाटे बाहेर पडायचो, सगळे झोपल्यावर परत यायचो आणि ओट्याशी उभ्याउभ्या जेवायचो. बुचं थोडीफार खपत होती. एकदा घेऊन गेलेलं गिऱ्हाईक मात्र परत येत नसे. माझा समज असा, की आमचा माल टिकाऊ आहे, परत येण्याची गरजच पडत नाही.

मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा गाळ्याचं भाडं थकलेलं होतं आणि जुन्या ऑफिसातून फोन आलेला होता. फोन करणारे साहेब एकेकाळी माझ्या हाताखाली होते. रजेचा अर्ज कसा लिहायचा हे त्यांना मी शिकवलं. "तुमची खुर्ची अजून रिकामी आहे," ते म्हणाले, "पण महिनाअखेरपर्यंतच हं." बायकोने आणि मी बसून, म्हणजे ती बसून आणि मी उभा राहून, ठरवलं की वाचनालयाची ऑर्डर मिळाली तर धंदा चालू ठेवायचा, नाहीतर मुकाट्याने साहेबांना 'साहेब' म्हणायचं. वाचनालयाने नवं दालन बांधलं होतं. तिथे एक वाचक उठला की सगळे वाचक मान वर करत. ग्रंथपाल बाईंना मी नमुने दाखवले होते. "विचार करते," त्या म्हणाल्या होत्या. त्यांच्या टेबलावर हे मासिक नेमाने येतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मुलाखत वाचून त्यांचा विचार पुरा होईल, असा माझा हिशेब होता.

मासिकाची पत्रकार म्हणजे एक चुणचुणीत मुलगी होती आणि फोटोही तीच काढणार होती. तिने आधी विषय कळवले: करिअर, जीवनशैली आणि मूल्यं. करिअरचं मी ठोकून दिलं असतं. पण जीवनशैली? मी बायकोला विचारलं, "माझी जीवनशैली काय आहे गं?"

"मला काय माहीत?" ती म्हणाली. "मी कधी पाहिली नाही."

हे काकांच्या कानावर गेलं. आमच्या घरातलं काकांच्या कानावर जाऊ नये म्हणूनच तर सगळा उद्योग सुरू झाला होता, पण ते असो. काका वर आले. "माझं ऐक. उद्योजक पहाटे व्यायाम करतो, मग वाचतो, मग झाडांना पाणी घालतो. कामाला जातो की नाही, ते कोणी विचारत नाही." मग त्यांनी वजनं आणली. ती त्यांच्या मुलाची होती आणि मला एका हाताने उचलवत नव्हती, म्हणून फोटोत ती माझ्या शेजारी ठेवायचं ठरलं. झाड आमच्याकडे एकच होतं आणि त्याने जगण्यातला रस सोडला होता. पुस्तकंही काकांनीच दिली, 'गुरांचे त्वचारोग', खंड एक ते सहा. ती आम्ही नावं भिंतीकडे करून कपाटात लावली.

इतक्यात पत्रकार मुलीने कळवलं की एक फोटो वर्कशॉपच्या पाटीसमोर हवा. पाटी नव्हती. पाटीला परवानगी लागते आणि परवानगी खिडकीत बसलेला माणूस देतो.

"धंदा कशाचा?" खिडकीतून प्रश्न आला.

"खुर्चीच्या पायांची बुचं."

त्यांनी एक जाडजूड पुस्तक उघडलं. "बुचं आहेत इथे. बाटल्यांची. तुम्ही बाटल्या भरता?"

"नाही हो. पायात बसवतात ती."

"मग आधी सांगायचं ना! पायात घालायचं ते पादत्राण."

"अहो, पण खुर्चीच्या पायात..."

"कोणाच्या पायात, ते इथे विचारलेलं नाही," असं म्हणून त्यांनी शिक्का उठवला.

शिक्क्यामागोमाग तपासनीस आले. त्यांनी गाळाभर नजर फिरवली आणि पहिलीच हरकत घेतली. पादत्राणांच्या दुकानात गिऱ्हाइकाला बसून माप बघण्यासाठी स्टूल असलं पाहिजे, असा नियम होता.

"साहेब, आमचं गिऱ्हाईकच स्टूल असतं," मी म्हणालो.

त्यांना विनोद कळला नाही. मलाही तो विनोद म्हणून सुचला नव्हता. शेवटी मी स्टूल आणलं, आणि नियमाप्रमाणे पाटी लागली: 'येथे सर्व प्रकारची पादत्राणे मिळतील.' पाटी लागल्याच्या दिवशी एक आजी तुटकी चप्पल घेऊन आल्या आणि त्या स्टुलावर बसल्या. त्यांना धंद्याचं स्वरूप समजावून सांगण्यापेक्षा मी रबराचं सोल्युशन लावून पट्टा चिकटवून दिला. त्या तोंडभर आशीर्वाद देऊन गेल्या. इतकं समाधानी गिऱ्हाईक माझ्या गाळ्यात त्यापूर्वी कधी आलं नव्हतं.

मुलाखतीच्या दिवशी आई सकाळपासून अस्वस्थ होती. "फोटो गच्चीत काढा ना," ती दोनतीनदा म्हणाली. "उजेड छान असतो." घरातलाच हवा म्हटल्यावर तिने टेबलावर मोठी चादर घातली, पार फरशीला टेकेल अशी. पत्रकार मुलगी आली तेव्हा बायकोनेही तिला दारातच सांगितलं, "फोटो कमरेच्या वरचाच घ्या हं." मला हे फार लागलं. माझं पोट सुटलं आहे हे मी नाकारत नाही, पण परक्या माणसाला दारात सांगण्याइतकं ते सुटलेलं नाही.

"सर, इथे अंधार आहे, खिडकीपाशी बसा," मुलगी म्हणाली. मी टेबलाखालून खुर्ची ओढली आणि खिडकीपर्यंत सरकवत नेली.

"ऐकलंत?" मी विचारलं.

"काय?"

"तेच तर!" मी म्हणालो.

मुलगी खूश झाली आणि तिने ते लिहून घेतलं. आई मात्र स्वयंपाकघरात गेली ती बाहेर आलीच नाही. लेकाचं कौतुक बघून तिला भरून आलं असणार, असं मला वाटलं आणि मलाही थोडंसं भरून आलं.

मी बसताना सवयीने खाली बघितलं असतं. खरंच बघितलं असतं. पण मुलगी म्हणाली, "सर, खाली नको. उद्योजकाची नजर दूर हवी. भविष्याकडे." मी भविष्याकडे बघितलं. ते फ्रिजच्या वर होतं. तिने दोन पावलं मागे जाऊन अख्खी खुर्ची, वजनं, झाड आणि मी असं सगळं एका फोटोत बसवलं.

मग काकांनी साक्ष दिली. "माझं ऐका, बाई. या माणसाने मला झोप दिली. माझ्या पोटच्या पोरांनी दिली नाही, ती याने दिली." हे सांगताना त्यांचा आवाज कापला, आणि पुढे जे घडलं त्यानंतरही तो कापरा आवाज माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

करिअर झालं. जीवनशैलीत मी पहाटे उठतो एवढं एक खरं सांगितलं आणि बाकीचं काकांनी सांगितल्याप्रमाणे. शेवटी मूल्यं आली. मुलीने विचारलं, "सर, ज्याच्याशी तुम्ही कधीच तडजोड करणार नाही, असं तुमचं एक मूल्य सांगा." मी क्षणभर फ्रिजच्या वर पाहिलं आणि म्हणालो, "जे मी स्वतःच्या घरात वापरत नाही, ते मी दुसऱ्याला विकत नाही."

हे वाक्य मला जागेवर सुचलं. सुचल्यावर इतकं आवडलं की मी ते तिला पुन्हा सांगून नीट लिहून घ्यायला लावलं.

अंक आला. तेच वाक्य मथळ्यात मोठ्या अक्षरांत होतं. खाली फोटो होता. आपला फोटो छापून आला की माणूस फक्त आपलं तोंड बघतो. माझा डावा डोळा अर्धवट मिटलेला आहे, यावर मी अख्खी संध्याकाळ हळहळलो. बाजूला पाटीचा छोटा फोटोही होता. काकांनी अंकांचा गठ्ठाच विकत आणला. आणि ग्रंथपाल बाईंचा निरोप आला, की येऊन भेटा.

मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. नमुन्यांची पिशवी बरोबर होतीच. ग्रंथपाल बाई आयुष्यभर वाचनालयात काम केल्यामुळे कुजबुजतच बोलतात. अंक त्यांच्यासमोर उघडाच होता.

"मुलाखत आवडली," त्या कुजबुजल्या. "विशेषतः मूल्यं."

मी मान लववली.

"एक विचारू? हे काय आहे?" त्यांनी बारीक अक्षरं वाचायचं भिंग फोटोच्या खालच्या भागावर ठेवलं आणि अंक माझ्याकडे वळवला.

माझ्या खुर्चीच्या पायात मोजे होते. राखाडी रंगाचे, वरती लाल पट्टी असलेले. एकाच्या टाचेला निळ्या दोऱ्याने रफू केलेलं होतं. ते रफू मी ओळखलं. ते माझे शाळेतले मोजे होते. राखाडी दोरा संपला म्हणून आईने निळ्याने शिवलं होतं आणि त्यावरून मी शाळेत जाताना भोकाड पसरलं होतं. भिंगाखाली ते चांगले ठसठशीत दिसत होते.

"आता पादत्राणांचा कारखाना म्हटल्यावर मोजे आलेच, असं मी आधी समजले," बाई म्हणाल्या. त्या चेष्टा करत नव्हत्या, पाटीचा फोटो त्यांनी मनापासून पाहिला होता. "पण मग तुमची बुचं कुठे आहेत?"

"हे... हे आमचं आधीचं मॉडेल आहे," मी कुजबुजलो. का, ते विचारू नका. बुडणारा माणूस काडी पकडतो, मी मोजा पकडला.

बाईंनी बोट मथळ्यावर ठेवलं. वाचून दाखवलं नाही. त्या भल्या बाई आहेत. फक्त एवढंच म्हणाल्या, "मला इथे रोज बसायचंय हो. तुमच्या घरात जे चालत नाही, ते मी कसं घेऊ?"

मी उठलो. खुर्ची मागे सरकली आणि अशी किंचाळली की सगळ्या वाचनालयाने मान वर केली. त्यातल्या निम्म्यांसमोर तो अंक असावा असं मला वाटलं, पण तसं नसेलही.

भर दुपारी मी घरी आलो. दुपारी मला घरात बघून आई घाबरली. मी टेबलावरची चादर उचलली आणि खाली वाकलो. सगळ्या खुर्च्या मोजे घालून उभ्या होत्या.

"कधीपासून?" मी टेबलाखालूनच विचारलं.

आई म्हणाली, "पहिल्या आठवड्यापासूनच रे. फरशीवर काळे डाग पडायचे, घासून जायचे नाहीत. आणि बुचं गळून पडायची. एक हिच्या पायाखाली आलं, पडता पडता वाचली."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगणारच होते. महिनाभर धीर झाला नाही, आणि ज्या दिवशी ठरवलं त्याच दिवशी तुला काका जिन्यात भेटले. तू इतका खूश होऊन वर आलास... किती दिवसांनी हसत होतास. म्हटलं, आज नको, उद्या सांगू." ती पदराशी चाळा करत राहिली. "आणि दुसऱ्या दिवशी तू राजीनामा देऊन आलास."

मी बायकोकडे बघितलं. ती दारात उभी होती.

"तुलाही माहीत होतं?"

"मीच सांगू या म्हणत होते," ती म्हणाली. "पण तू या खुर्चीवर एकदा बसशील आणि आपोआप बघशील, असं वाटायचं मला. फोटोच्या दिवसापर्यंत तू बसलासच नाहीस."

मी टेबलाखालून बाहेर आलो. आईने कपाटातून पत्र्याचा एक डबा आणून माझ्यासमोर ठेवला. आत माझी बुचं होती, सगळी, धुऊन पुसून ठेवलेली. "टाकवेनात," ती म्हणाली. "मोजे झिजतात, म्हणून बदलत राहते. आधी जुनेपाने होते, मग तू नोकरी सोडल्यावर तुझे ऑफिसचे वापरले. तसेही ते तुला लागत नव्हते. ते संपले तेव्हा शाळेचे काढले."

परत न आलेली सगळी गिऱ्हाइकं त्या डब्याभोवती येऊन बसली आहेत असं मला वाटलं. खरं सांगतो, मला रडू आलं. धंदा बुडाला म्हणून आलं, की इतके दिवस माझ्या घरची दोन माणसं माझ्या पाठीमागे गुपचूप मोजे बदलत होती म्हणून आलं, हे मला आजही सांगता येणार नाही.

नेमके त्याच वेळी काका वर आले. हातात अंकांचा गठ्ठा आणि पेन. "माझं ऐक. या सगळ्यांवर सही कर. माझ्या पोरांना पाठवतो. बघा म्हणावं, कोणामुळे झोपतोय तुमचा बाप." मग त्यांचं लक्ष माझ्या डोळ्यांकडे गेलं आणि ते आईला म्हणाले, "बघा वहिनी, एवढं यश मिळालं तरी डोळ्यांत पाणी आहे. याला म्हणतात संस्कार."

मी आईकडे बघितलं. आईने डब्यावर झाकण ठेवलं. मी एकेका अंकावर सही केली, फोटोतल्या खुर्चीच्या पायांवर, जितकी मोठी करता येईल तितकी मोठी.

महिना संपायच्या आत मी ऑफिसात गेलो. साहेबांना 'साहेब' म्हणालो. वाटलं होतं तितकं जड गेलं नाही. त्यांनी मला माझ्या जागेपर्यंत नेलं. खुर्ची खरंच रिकामी होती. ती मी मागे ओढली आणि ती लोखंडी खुर्ची अशी काही किंकाळी फोडून सरकली की हॉलमधली सगळी डोकी माझ्याकडे वळली.

"अहो," साहेब केबिनच्या दारातून म्हणाले, "याच्यावर तुमच्याकडे ते काहीतरी होतं ना?"

मी खाली मान घालून डब्याची पिशवी उघडली. जेवणाच्या डब्याखाली वर्तमानपत्राची पुडी होती. आईने बांधून दिलेली, मला न सांगता. आत मोजे होते. राखाडी, लाल पट्टीचे. निळ्या रफूचाही होता.

भर ऑफिसात मी टेबलाखाली वाकलो आणि खुर्चीच्या पायात एकेक मोजा चढवू लागलो. शेजारच्या टेबलावरच्या बाई वाकून बघत होत्या.

"छान आयडिया आहे हो," त्या म्हणाल्या. "कुठे मिळतात?"

"विकत मिळत नाहीत," मी म्हणालो.